बांधावरची ताटी

धाकट्या जावेचा मका माझ्या मक्यापेक्षा वीतभर उंच होता, आणि हे मला रोज कुणीतरी येऊन सांगायचं. सासूबाई सांगायच्या, दूधवाला सांगायचा. नवरा तर जेवताना म्हणायचा, "धाकटीनं काय मका आणलाय!" दोघींनी पेरलं एकाच दिवशी, बी एकाच पिशवीतलं. मी जळत होते, त्यात लपवायचं काय?

शेवटी मी बांधावर ताटी उभी केली. गेल्या हंगामातली मक्याची वाळकी धाटं गोठ्यामागे पडून होती. ती सुतळीनं आवळून पुरुषभर उंचीचा आडोसा केला. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, "वारा अडवायला." आता तिचा मका दिसत नव्हता. खुरपायला बसले की जिवाला गार वाटायचं.

मग ढगाळ, दमट हवा लागून राहिली. ऊन पडल्यावर पाहते तर खालच्या पानांवर लांबट, राखाडी-तपकिरी डाग, दोन्ही टोकांना निमुळते. तांबेरा असेल म्हणून बोटानं चोळलं. तांबेरा असता तर बोटाला तांबूस पूड लागली असती. बोट कोरडंच राहिलं. म्हणजे करपा. अजून तुरा यायचा होता. त्याआधी डाग वर चढले तर कणसं भरणार नव्हती, सगळी मेहनत मातीत.

नवऱ्याला सांगितलं, "करपा आलाय."

"पिकावर की तुझ्यावर?" तो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डाग कुठे जास्त आहेत ते बघत ओळीओळीनं गेले आणि ताटीपाशी थांबले. तिथली पानं सगळ्यात वाईट होती. ताटीच्या वाळक्या पात्यांवरही तसलेच जुने डाग. गेल्या वर्षीचा रोग मीच सुतळीनं बांधून पिकाशेजारी उभा केला होता.

फवारणीचा पंप घरात एकच, तोही धाकटीकडे. नाक मुठीत धरून गेले.

"पंप दे. करपा आलाय."

"माझ्याकडंही आलाय. ताटीच्या कडेनं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंच वाटलं.

दोघींनी मिळून ताटी पाडली, धाटं शेतापासून लांब नेऊन जाळली, रोगट पानं खुडून त्यातच टाकली. मग बुरशीनाशक कालवलं. समोर तिचा मका उघडा पडला होता. अजूनही वीतभर उंच.

"जुनी धाटं पिकाजवळ ठेवू नयेत, हे तुला ठाऊक होतं ना?" मी विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पंपाचा पट्टा खांद्यावर ओढला.

"सासूबाई मला रोज सांगायच्या, थोरलीचा मका बघ, ठेंगणा असेल, पण खोड कसं मनगटाएवढं! ताटी झाली आणि तो दिसेनासा झाला. जिवाला गार वाटत होतं, जाऊबाई."