हुसेनसाब चाचांचं कुलूप

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्यातला जुना संगणक बोलतोय. ऑफिसच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जारशेजारी माझी जागा. बाकीची मंडळी नवी, चकचकीत. आम्ही सगळे एकाच नेटवर्कवर, पण माझं व्हर्जन जुनं. त्यामुळे काहीही अडलं की पहिलं नाव माझंच निघतं. प्रिंटर रुसला तरी दोषी मीच!

मला जीव लावला तो हुसेनसाब चाचांनी. ते चादरींची डिझाइनं काढायचे. नवा संगणक देऊ केला तेव्हा म्हणाले, "राहू द्या. याला माझा हात कळतो." माझ्यावरची धूळ ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे. असा धनी मिळायला नशीब लागतं.

त्यांची मुलगी सबिहा समोरच्याच टेबलावर बिलं करते. तिचं लग्न ठरलं आणि चाचा तिच्यासाठी चादर काढायला बसले. या कारखान्याची रीतच आहे, डिझाइनवाल्याच्या घरी लग्न निघालं की त्याने काढलेली चादर मागावर एकदाच विणायची, तशी दुसरी नाही. पण नेटवर्कवरून सबिहाला माझं कुठलंही फोल्डर दिसायचं. एकदा डोकावताना सापडलीच.

"अब्बा, दिखाव ना!"

"नै बेटा. शादी के दिन देखना."

आणि त्यांनी फोल्डरला कुलूप घातलं, फक्त त्यांच्याच अकाउंटने उघडणारं. मला थोपटून म्हणाले, "इसको नै दिखाना रे, बाबा."

चादरीचं डिझाइन पुरं झालं. लहानपणी सबिहा पाटीवर वेडीवाकडी बदकं काढायची, तीच त्यांनी काठावर ओळीने चालवली होती. पण चादर मागावर चढायच्या आधीच चाचांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

त्यानंतर रोज सकाळी मी सुरू झालो की पडद्यावर त्यांचं नाव यायचं. सबिहा ते बघायची आणि ओढणी तोंडाशी धरून बाहेर जायची. मालक बापूसाहेबांना ते बघवेना. "पोरीला रोज कशाला रडवायचं? ते नाव काढून टाक," त्यांनी नेटवर्क सांभाळणाऱ्या जोतिरामला सांगितलं. त्याने फायली तशाच ठेवून अकाउंट तेवढं पुसलं. मी इशाऱ्याची चौकट दाखवली होती. पण चौकट न वाचता 'होय' दाबायची माणसांची सवय काही जात नाही. मायेपोटीच केलं हो सगळ्यांनी.

लग्न जवळ आलं. "जोतिरामभाऊ, अब्बांची चादर तेवढी मागावर घ्यायचीय," सबिहा म्हणाली.

फोल्डर उघडेना.

"जुनं व्हर्जन हाय की, नव्यांशी जुळंना झालंय," जोतिराम म्हणाला. त्याने केबल बदलली, परवानग्या तपासल्या, शेअरिंग बंद करून चालू केलं. शेवटी थेट माझ्यासमोर बसून बघितलं, तर कुलूप त्यानेच पुसलेल्या अकाउंटचं निघालं आणि त्याचा चेहरा उतरला. घाईघाईने त्याने चाचांच्या नावाचं अकाउंट पुन्हा केलं.

"आता उघडंल बगा."

सबिहाने बटण दाबलं. नाव तेच होतं, पण मी माणूस नावावरून ओळखत नाही. अकाउंट तयार होतं तेव्हा मी त्याला एक खूण देतो. ती एकदा पुसली की पुन्हा तशीच देता येत नाही, आणि कुलूप त्या खुणेलाच उघडतं. काळीज तुटत होतं, तरी मी नाही म्हटलं. शहरातल्या जाणकारांनीही माझी डिस्क बघून हात टेकले.

"सबिहाताई, माज्या हातानं घालवलं ओ," जोतिराम म्हणाला.

"तुम्ही माझ्यासाठीच केलं होतं ना," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

लग्नात तिच्याबरोबर दुकानातली चादर गेली. ती अजून कामाला येते. पडद्यावरचं ते नाव आता कुणी काढत नाही. रोज बिलं सुरू करण्याआधी ती माझ्यासमोर बसते, त्या नावाने आत येते आणि फोल्डरवर माउसचं बटण दाबते. मी रोज नाही म्हणतो.

पोरी, माझ्यावर रागावू नकोस. तुझी बदकं माझ्यापाशी आहेत, एकही हललेलं नाही. तुझ्या अब्बांनी मला शेवटचं काम सांगितलं ते तुला न दाखवण्याचं. ते मी अजून करतोय. आता पुरे, असं सांगायला ते परत आलेच नाहीत.