मिटल्या तोंडाचा बैल

आत: काजल, हातोडी, छन्नी, रिकामी बाटली.
बाहेर: फहीम, त्याचं वेल्डिंगचं दुकान, साखरखेर्ड्याचं ऊन.
मधे बैलाचा पत्रा.

रीत अशी. वेल्डिंगची शिवण गरम असतानाच आतून ठोकायची, नाहीतर पत्रा वाकतो. म्हणून काजल आत बसते. फहीम बाहेरून वेल्डिंग करत येतो आणि शेवटी तिला पुरती बंद करतो. मग ग्राइंडरनं पोटाखाली चौकोन कापतो. ती बाहेर आली की चौकोन परत डकवतो. पोटाखाली कोण बघतं? घोडा असाच झाला. हत्तीही.

शेवटची शिवण संपली.
लाईट गेली.

"लाईट येईन आता," फहीम.

नाही आली.

"फहीमभाऊ, जनरेटर?"
"गोकुळचा. उंद्रीले लग्नात गेला."
"गॅस कटर?"
"सिलिंडर खाली हाय, गॅस सरला. शेपटीखाली भोक हाय ना, तिथून हवा घे."
"तुम्ही घ्या तिथून!"

हसू आतल्या आत घुमलं. कोपर पत्र्याला लागलं, भाजलं. धुराला जायला जागा नाही.

"काजल, तोंड फोड. तिथंच पत्रा पातळ हाय. पोट छन्नीनं नाही फुटत."
"तोंड नाही फोडत."
"काऊन बे?"

वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीनं तिनं ते तोंड उतरवलं होतं. मिटलेलं. रवंथ थांबवून बैल काही ऐकतो, तसं. फहीम म्हणाला होता, डुरकणारा कर, लोक फोटो काढतात. या मिटल्या ओठांसाठीच तर बाकीचा बैल.

सांगायला श्वास हवा. तो

तो नाही.

ती मानेत सरकली. ओठांच्या रेषेवर छन्नी टेकवली. काढली. टेकवली.

ठण्.
ठण्.

उजेडाची चीर. चिरेला लावलेलं तिचं तोंड.

फहीमची बायको कौसर लोटा घेऊन आली. "सरका हो. बैलाले पाणी पाजते."

पाण्याला लोखंडाची चव होती. अंग अजून आतच.

दुपार कलल्यावर लाईट आली. चौकोन खाली पडला. आधी काजलचे पाय, मग काजल.

तिनं वर पाहिलं. बैल डुरकत होता. ओठ फाटून बाहेर वळलेले.

"शिवून टाकू," फहीम म्हणाला. "होईन पहिल्यासारखं. गरम असतानाच आतून..."



"आत कोण बसते?" काजलनं विचारलं.

फहीमनं चौकोन उचलला आणि रिकाम्या पोटाला लावून धरला.