सुलाबाईंची उघडी पानं

“वाढवतो. अजून दोन,” म्हणत नानासोंनी उजव्या हातानं चिंचोके पुढं सारले.

समीनानं ओठ चावला. नानासोंच्या डाव्या बाजूला त्यांची बायको सुलाबाई बसली होती. तिच्यासमोर राण्यांची जोडी उघडी पडलेली, आणि हे पंजीच्या जोडीवर बोली वाढवत होते. डाव सुलाबाईंनी जिंकला. कुणी जिंकला, हे नानासोंना कळलंच नाही.

विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात समीना सोळा वर्षं नर्स होती. अर्धांगवायूचे पेशंट तिनं पुष्कळ पाहिले होते. म्हसवडकडच्या या लष्करातून निवृत्त झालेल्या हवालदारांचे डोळे चांगले होते, पण मेंदूनं डावी बाजूच सोडून दिली होती. दाढी ते अर्ध्याच गालाची करत. डावीकडून हाक आली की उजवीकडं शोधत. “त्यांना डावीकडं बघायला भाग पाडा,” डॉक्टर म्हणाले होते. पण कसं?

“पत्ते येतात का, नाना?” तिनं एकदा सहज विचारलं होतं.

म्हातारा उठूनच बसला. “सात पानी! उधमपूरला मेसमधी शिकलो. पयली दोन पानं झाकलेली, तिसरं उगडं. ज्याचं उगडं पान लहान, त्यानं बोली सुरू करायची. मंग तीन पानं उगडी, सातवं परत झाकलेलं. दर पानाला बोली. पर चौथ्यापसनं ज्याची उगडी पानं भारी, त्योच आदी बोलनार. पाचव्यापसनं बोली दुप्पट.”

म्हणजे दुसऱ्याची पानं बघितल्याशिवाय खेळताच येणार नाही! समीनानं त्याच दुपारी पत्ते आणि चिंचोके आणले, सुलाबाईंना नानासोंच्या डावीकडं बसवलं आणि स्वतः उजवीकडं खेळायला बसली.

दहा दिवस नानासो हरत राहिले.

अकराव्या दिवशी सुलाबाईंना पाचव्या पानावर दुसरा राजा आला. समीनाकडंही एक राजा उघडा होता, पण सहाव्या पानावर तिनं डाव सोडला. नानासो आपले चिंचोके टाकतच होते. सातवं पान झाकून आलं. सुलाबाईंनी न बोलता चार चिंचोके पुढं ठेवले.

“चार आलेत, नाना. आता तुम्ही बोला,” समीना म्हणाली.

नानासोंनी आपलं पान पाहिलं. चिंचोक्यांकडं गेलेला हात मधेच थांबला.

“तुमी तर पानं टाकलीसा, बाई.”

“हो, टाकली.”

“मंग माज्या आदी कोन बोललं?”

बोट डावीकडं दाखवायचा मोह समीनानं कसाबसा आवरला.

“माज्याकडं उगडा गुलाम. त्याच्यापेक्षा भारी पानं कुनाची तरी पायजेत...”

त्यांची मान हळूहळू वळू लागली. आधी स्वतःच्या निर्जीव हातापर्यंत. तिथं ती अडखळली, कपाळावर घाम आला. मग आणखी थोडी, टेबलाच्या कडेपर्यंत.

“राजा,” ते पुटपुटले. “सत्ती. अजून एक राजा. पंजी.” आणि एकदम त्यांचा आवाज चढला. “दोन राजे इथं, एक माज्या हातात, एक बाईंनी टाकला. तिसरा कुठनं येनार? आठ!”

सुलाबाईंनी चार चिंचोके आणखी टाकले आणि झाकलेली पानं उलटली. राजे आणि सत्त्या, दोन जोड्या. नानासोंनी एकेक करून तीन नव्व्या मांडल्या.

“जिंकलात नाना!” समीना इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या खोलीतले पेशंटही दारात आले.

नानासोंची नजर मात्र त्या राजांवरून वर सरकत होती. हिरव्या बांगड्या. पदर. चेहरा.

“सुला? तू कवा बसलीस खेळायला?”

सुलाबाईंनी डोळे टिपले.

“ही काय, आत्ताच की.”

“तरीच हरलीस,” ते म्हणाले. मग उजवा हात छातीवरून पलीकडं नेऊन त्यांनी जिंकलेल्या ढिगातले मूठभर चिंचोके तिच्यासमोर ठेवले. “घे. म्होरल्या डावाला लागतील.”