माझा काळा थर

मी एक जुनी तांब्याची चकती आहे, बशीएवढी. मित्रांनो, माझी जागा एका बंद, निर्वात नळीत होती. तिथे इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण सुसाट येऊन माझ्यावर आदळत. त्यांना गिळणे हे माझे काम. पण धातूची खोड वाईट! एक कण आदळला की माझ्यातले एक-दोन बाहेर उडत आणि नळीत नुसता धुडगूस घालत.

भट्टीवर काम करणाऱ्या ताईने त्यावर उपाय केला. तिने मला कार्बनचा पातळ थर चढवला, काळा, मखमलीसारखा. बाहेर उडू पाहणारे कण त्याच्या खाचाखोचांत अडकत.

मालक म्हणाले, "नळी चाचणीत खरी उतरली तर लेपाचं काम कायमचं तुझं. नाहीतर पुन्हा पॅकिंग. आणि या लेपाबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही हं!"

ताईने शब्द पाळला. तिचा नवरा त्याच कारखान्यात पॉलिशवाला होता. त्यालाही तिने काही सांगितले नाही.

नळी जोडायच्या दिवशी ताई घरी तापाने फणफणली होती. आमच्याकडे कोणताही भाग पॉलिश झाल्याशिवाय पुढे जात नसे. नवऱ्याने मला हातात घेतले.

"अरेरे, भट्टीची काजळी तशीच राहिली की! जाऊ दे, आजारी माणसाला कशाला बोल लावायचा?"

त्याने मला मायेने घासले, अगदी आरशासारखे. सगळ्यांनी वाहवा केली. मला ओरडता आले नाही.

चाचणी फसली. नळी उघडली तेव्हा ताई परतली होती. माझ्यावरच्या गोल गोल खुणा तिने पाहिल्या. तो हात तिच्या ओळखीचा होता.

"थर गेला कुठे?" मालक गरजले. "कुणी पुसला असेल तर आत्ता सांग. त्याला आजच घरी बसवतो."

पलीकडे यंत्रांच्या खडखडाटात नवऱ्याला काही ऐकू येत नव्हते; तो आपल्या नादात यंत्र पुसत होता.

"टिकला नाही, साहेब," ताई म्हणाली.

लेपाचे काम बंद पडले. मी आता भंगाराच्या पेटीत आहे. समोरच पॅकिंगचे टेबल आहे. ताई तिथे खोकी बांधते.

मित्रांनो, कुणाच्या कामावर हात फिरवण्याआधी त्याला एकदा विचारा. मायेनेही मोडतोड होते.

जेवणाच्या सुट्टीत नवरा तिच्याजवळ येऊन बसतो.

"ताप उतरला ना गं? मग अशी गप्प का?"

"काही नाही हो," ती म्हणते, "तुम्ही जेवा."