कशेळीची पत्रिका

तव्यावरची भाकरी उलटून कमळने तिसऱ्यांदा मोबाईलवर बोट दाबलं, आणि तिसऱ्यांदाही मोबाईल हूं की चूं करेना. बोटं तांदळाच्या पिठाने ओली. पदराला पुसावीत, तर पदरही पिठानेच माखलेला.

“दिपाली, ये लवकर. तुझ्या मामाची पत्रिका आलीय, नि हा मेला उघडाया देत न्हाय.”

तिला दम कसा तो धरवत नव्हता. आठ वर्षांनी थोरल्या भावाचा, तुळशीरामचा निरोप आला होता. कशेळीच्या घरच्या जमिनीवर गोदाम उभं राहायचं होतं तेव्हा सही करण्याआधी ती म्हणाली, ‘दादा, कागद वाचून दाखव.’ एवढ्यावरून तो भडकला आणि भावाबहिणीचं बोलणं तुटलं ते तुटलंच. तिच्या सासरच्या अंबाडीहून कशेळी काही सातासमुद्रापार नाही, पण दोघांपैकी एकाचाही पाय उचलला गेला नाही. आणि आज सकाळी त्याच्या नंबरवरून मेसेज: ‘लग्नाला नक्की यायचं हं.’ खाली ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल. म्हणजे करिष्माचं जमलं. भाचीच्या हळदीला आत्या नको होय? भाकऱ्या थापता थापता कमळने मनातल्या मनात हिरवी साडी काढून इस्त्रीलासुद्धा दिली होती.

दिपाली एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. आज सुट्टी होती. ओले केस पुसत ती आली, मोबाईल हातात घेतला आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळलं.

“तू काय काय दाबलंस?”

“फाइल दाबली. ती आली, मग काहीतरी परवानगी मागाया लागली. मी देतेय, तर हा घेत न्हाय.”

“नशीब घेतली नाही. आई, ही पत्रिका नाही, ॲप आहे. नावाच्या शेवटी बघ, एपीके लिहिलंय. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. ती कधी इन्स्टॉल करायला सांगत नाही. हे आत शिरलं की बँकेचा ओटीपीसुद्धा चोरांना दिसतो.”

“पण नंबर दादाचाच हाय.”

“मामाचाच आहे. त्याने कुणाचीतरी अशीच पत्रिका उघडली असणार. आता त्याच्या मोबाईलमधून आपोआप सगळ्यांना जातेय.” फाइल डिलीट करता करता तिने आईकडे तिरकं पाहिलं. “जमिनीच्या कागदाला म्हणालीस, वाचल्याशिवाय सही नाही. आणि इथे न वाचताच परवानगी?”

कमळला हसू आलं नाही. करिष्माचं लग्न नाही, दादाचा निरोप नाही, काहीच नाही. हिरवी साडी होती तिथेच कपाटात राहिली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. करपल्याचा वास सुटला तसा तिने गॅस बंद केला. मग चिमटा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

“सगळ्यांना म्हंजे कुणाकुणाला?”

“मोबाईलमध्ये ज्यांचे नंबर सेव्ह असतात त्यांना.”

“नि ज्यांचे काढून टाकले असतील त्यांना?”

“त्यांना कशी जाईल?”

कमळने चिमटा खाली ठेवला. नळाखाली दोन्ही हात धरले, नखांतलं पीठसुद्धा काढलं आणि फडक्याला बोटं कोरडी करकरीत पुसली. या खेपेला मोबाईलने पहिल्याच दाबाला ऐकलं.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. कोण बोलतंय, असं पलीकडून कुणी विचारलं नाही.

“बोल, कमळे.”

“दादा, आधी ऐक. तुझ्या मोबाईलात चोर शिरलाय. सगळ्यांना खोटी पत्रिका जातेय.” दिपाली शेजारून सांगत होती आणि कमळ तिच्याही पुढे धावत होती. “नेट बंद कर. बँकेला सांग, पण ह्या मोबाईलवरून नको, करिष्माच्या फोनवरून. नि सायबर पोलिसांच्या १९३० ला तक्रार कर. आत्ताच्या आत्ता.”

पलीकडे धावपळ ऐकू आली. खुर्ची सरकली, करिष्माला हाका गेल्या, ती बँकेशी बोलू लागली. कमळ फोन कानाला घट्ट लावून उभी होती. बऱ्याच वेळाने तुळशीराम पुन्हा फोनवर आला.

“खातं बंद केलं त्यांनी. पैसे हायेत अजून.” त्याला धाप लागली होती. “सकाळी एक पत्रिका आलेली. उघडली, तर आत काहीच न्हाय.”

“परवानगी मागितली असेल.”

“मागितली. दिली मी.”

“वाचलं होतंस का, कसली ती?”



“न्हाय वाचलं,” तुळशीराम म्हणाला.

कमळने पुढे काही ताणलं नाही.

“करिष्माचं जमलं का रं?”

“बोलणी चाललीत. ठरलं की…” तो अडखळला.

“ठरलं की मोबाईलवर पाठवू नको,” कमळ म्हणाली. “मी उघडत न्हाय.”