ड्रम नसताना

"वहिनी, मी नसताना वर गिटार जोरात वाजायला लागली, तर जरा जाऊन बघत जा," ढोल्या म्हणाला होता. ढोल्या म्हणजे धाकट्या दिराच्या बँडमधला ड्रमर. अंगाने काडी, म्हणून हे नाव.

मी बाळाचे कपडे वाळत घालत होते. "का, तुझ्याशिवाय बेसूर वाजवतात का भावजी?"

तो हसला नाही. "एकटा माणूस हेडफोन लावून सराव करतो," एवढं बोलून सायकल काढून गेला.

मी मनावर घेतलं नाही. वरच्या खोलीत त्यांचा पहिला अल्बम तयार होत होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग, आणि सगळे माना खाली घालून त्या पेडलांकडे बघत वाजवणारे. "काही हरवलंय का?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा धाकटी जाऊ पोट धरून हसली होती. ती गायची. पण गिटारवर गिटार चढवून भावजी तिचा आवाज पार बुडवून टाकत. "शब्द कळता कामा नयेत, वहिनी. आवाज म्हणजे धुकं."

त्या धुक्यात माझ्या बाळाला गाढ झोप लागायची. बाळाच्या नाकाशी सारखं बोट धरून श्वास तपासणारी मी, जावेचा ओठ फुटलेला दिसला तेव्हा "माइकवर आपटले, ताई," हे तिचं उत्तर खरं मानून मोकळी झाले.

त्या दुपारी गिटार सुरू झाली, बाळ झोपलं, आणि मी सुखाने खिडकीशी उभी राहिले. खाली ढोल्या सायकल लावत होता. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. सायकल तशीच आडवी टाकून तो धावला. मीही.

दाराला आतून कडी होती. त्याने लाथेने ती उखडली. गिटार ॲम्पच्या स्पीकरला टेकवून ठेवलेली, कुणी न वाजवता आपोआप किंचाळत होती. भावजींनी जावेचे केस मुठीत धरले होते आणि तिचं कपाळ ते ॲम्पच्या कडेवर आपटत होते, तालात. ढोल्याने त्यांना मागे खेचलं. त्यांनी गिटार उचलून त्याच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज त्या कल्लोळातही ऐकू आला. मी झांजेचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर हाणला. ते कोसळले, तरी पुन्हा हाणला.

"पुढे सरकलात तर डोक्यात घालीन, भावजी."

मग मी वायर उपटली. सगळं गप्प झालं, आणि खाली बाळ किंचाळत उठलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "कलाकार आहे, डोकं फिरतं त्याचं. घरातलं घरात राहू दे." जावेचे टाके निघायच्या आत भावजी तिला घेऊन दुसऱ्या गावी गेले. कुठे, ते नवराही सांगत नाही. ढोल्याने बँड सोडला.

अल्बम आला. मी एकाच कानात इअरफोन घालून ऐकला. दुसरा कान बाळाकडे. शेवटच्या गाण्यात ड्रम नाहीत. लोक त्याच गाण्याची वाहवा करतात, अंगावर काटा येतो म्हणतात. गिटारच्या तळाशी एक ठोका आहे. त्याखाली तिचा आवाज: ताई, ताई, ताई. मी खिडकीशी उभी होते तेवढा सगळा वेळ. शेवटी दार फुटतं, आणि तिथेच गाणं कापलंय. रेकॉर्डिंग चालू होतं, आणि त्यांनी ते ठेवलं.

आता दुसरा अल्बम चाललाय म्हणे. या वेळी ड्रमर घेतलेला नाही, असं भावजींनी मुलाखतीत सांगितलंय.

तुमच्या वरच्या मजल्यावर किंवा भिंतीपलीकडे नवं जोडपं राहायला आलं असेल आणि नुसती गिटार ऐकू येत असेल, तर जाऊन दार वाजवा. तो हसून म्हणेल, रेकॉर्डिंग चालू आहे. तरी तिला बाहेर बोलवा. डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. ताईने पाठवलंय म्हणून सांगा, आणि ती दारात येईपर्यंत हलू नका.