पुरं माप

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना काटेसाहेबच म्हणायची. खरं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. ते दुकानात शिरले की दुकानदाराच्या हातातली पुडी आपोआप थोडी फुगायची. आतलं शिसं काढून मेण भरलेलं एक किलोचं वजन त्यांनी एकदा नुसतं हातात तोलून पकडलं होतं, आणि ती गोष्ट ते पाहुण्यांना दुसऱ्यांदा सांगायलाही लाजत नसत.

अशा माणसाने गेले सात महिने खोटं माप दिलं होतं, तेही एका इस्पितळाला.

इस्पितळात एक अभ्यास चालू होता. सत्तरी ओलांडलेल्यांनी रोज एक पूरक कॅप्सूल घ्यायची, आणि तिने म्हातारपण जरा धडधाकट जातं का, हे दोन वर्षं तपासायचं. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी साध्या भुकटीची. कुणाला कोणती मिळते ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. काटेसाहेबांना ही पद्धत बेहद्द आवडली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिथल्या सिस्टरला सांगून टाकलं, "तुमचा वजनकाटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय." सिस्टर हसली. मग तपासणी झाली आणि काटा खरंच चुकीचा निघाला. तेव्हापासून ती त्यांना थोडी वचकून होती आणि त्यांच्यावर तिचा जीवही होता.

नाव द्यायला नवरा-बायको दोघं गेले होते. पण एका घरातून एकालाच घ्यायचं असा नियम निघाला. "घरात दोघं असले की बाटल्यांची अदलाबदल होते," सिस्टरने कारण सांगितलं. चिठ्ठी टाकली, ती काटेसाहेबांच्या नावाची निघाली.

बाटली घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर बसली. काटेसाहेबांना घास गोड लागेना. सेहेचाळीस वर्षांत या घरात असं काहीच आलं नव्हतं जे एकट्याचं होतं. वर्तमानपत्र अर्धं अर्धं, पावाचा शेवटचा तुकडा अर्धा अर्धा, पांघरूणही अर्धं, म्हणजे ठरलेलं तरी तसंच होतं. आणि आता एकाने टुणटुणीत राहायचं आणि दुसरीने नाही?

"एक दिवस मी, एक दिवस तू," ते म्हणाले. "सम तारखा तुझ्या."

"अहो, नियम आहे ना?"

"ते उरलेल्या कॅप्सुला मोजतात. मोजणी बरोबर भरेल."

चौतीस वर्षं ज्या तोंडाने हीच सबब उडवून लावली होती, त्याच तोंडातून ती निघाली. बायकोने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. जरा लवकरच म्हणाली, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून सम तारखेला सकाळी ते तिच्या तळहातावर कॅप्सूल ठेवत. "दुधाबरोबर घेते," म्हणून ती स्वयंपाकघरात जाई, आणि येताना त्यांचाही दुधाचा पेला घेऊन येई.

याच सुमारास दूध बिघडलं. रोज नाही, एक दिवसाआड कडवट लागायचं. काटेसाहेबांनी डेअरी बदलली. तरी तेच. मग कपाटातून दुधातलं पाणी ओळखायचं जुनं यंत्र काढलं, डेअरीवाल्याच्या काउंटरवर दूध मापलं. दूध चोख निघालं. डेअरीवाल्याने हात जोडले, काटेसाहेबांनी तरीही त्याला चार शब्द सुनावले आणि पुन्हा डेअरी बदलली. बायको म्हणाली, "म्हातारपणी जीभच तशी होते."

सातव्या महिन्याच्या तपासणीला दोघं गेले. ती दाराजवळच्या खुर्चीत त्यांची छत्री सांभाळत बसली. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं होतं. पहिल्या खेपेला चौदा सेकंद लागले होते, आज अकरा. मुठीची ताकद वाढलेली, चाल सुधारलेली. सिस्टरने बाटली पालथी करून उरलेल्या कॅप्सुला मोजल्या.

"काका, एकही इकडची तिकडे नाही! डॉक्टर नव्या लोकांना तुमचा तक्ता दाखवतात. म्हणतात, माप असावं तर असं."

मेण भरलेलं ते वजन काटेसाहेबांच्या डोळ्यांपुढे आलं. वरून शिक्का अस्सल होता त्याच्यावरही. बोलावं तर नाव कापलं जाणार, बाटली जाणार, म्हणजे तिच्या सम तारखाही जाणार. न बोलावं तर या आकड्यांच्या भरवशावर उद्या कितीतरी म्हातारे काहीबाही गिळत बसणार.

"सिस्टर, तो तक्ता फाडा," ते म्हणाले. "मी निम्म्याच घेतल्या. उरलेल्या हिला दिल्या."

सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. "काका! काकूंना काही झालं असतं म्हणजे? त्यांची तपासणी नाही, काही नाही…"

"चुकलं. पण मला एकट्याला मिळून काय करायचं होतं? ही नसताना मी कुणासाठी ताठ चालू?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती छत्रीच्या मुठीशी चाळा करत होती.

"मी एकही घेतली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? टाकून दिल्यास?"

"टाकीन कशी? उघडून तुमच्या दुधात घालत होते."

काटेसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांना दोन डेअऱ्या आठवल्या, ते यंत्र आठवलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मोठं मन वगैरे काही नाही हं," बायको सिस्टरला म्हणाली. "मला मागे राहायची भीती वाटते. यांनी माझ्यापेक्षा जास्त टिकावं, एवढंच. मला रिकाम्या घरात राहता येणार नाही."

सिस्टर डोळे पुसत होती की हसत होती, कळत नव्हतं. "म्हणजे काकांच्या पोटात रोज एक गेलीच की!"

तिने डॉक्टरांना फोन लावला, घडलं तसं सगळं सांगितलं, लिहून घेतलं, दोघांच्या सह्या घेतल्या. डॉक्टरांनी काटेसाहेबांना अभ्यासात ठेवलं. आकड्यांसमोर हा सगळा प्रकार जसाच्या तसा नोंदवायला मात्र सांगितलं.

"कडू होती, म्हणजे खरीच असणार, नाही का?" बायकोने हळूच विचारलं.

"दोन्ही कडूच केलेल्या असतात, काकू. तुमच्यासारख्या उघडून बघणाऱ्यांसाठीच." सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गुण येतो की नाही, ते सगळ्यांचे आकडे एकत्र केल्यावरच कळेल. दीड वर्ष थांबायचं. तोपर्यंत दोघांनी मिळून या."

परत येताना काटेसाहेब चालत निघाले. पाय हलके पडत होते. कशामुळे, ते सांगायला पुरावा नव्हता. सिस्टरने हाकललं नाही, शेजारी ही चालते आहे, अंगावर ऊन आहे. त्या वेळी त्यांना सगळ्यांचेच उपकार वाटत होते, त्या चुकणाऱ्या वजनकाट्याचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सम तारीख होती. त्यांनी बायकोसमोर कॅप्सूल गिळली, अख्खी. तिने दूध आणलं. एक घोट घेतला. जराही कडवट नव्हतं.

सात महिने म्हणजे शंभराच्या वर पेले. तेवढ्या वेळा ही बाई स्वयंपाकघरात उभी राहून आपल्या वाटणीचं आयुष्य त्यांच्या पेल्यात ढवळत होती, आणि ते डेअरीवाल्याशी भांडत होते. त्यांना पेला खाली ठेवावा लागला.

"काय झालं? आजही कडू?"

"नाही. चांगलं आहे." ते उठले. "मी जरा त्या डेअरीवाल्याची माफी मागून येतो."

"आधी दूध संपवा."

त्यांनी निम्मं प्यायलं, पेला डोळ्यांसमोर धरून दुधाची रेघ नीट तपासली आणि उरलेलं तिच्यापुढे सरकवलं.

"माझ्यासमोर पी," ते म्हणाले.